रक्ताला ऊब

अंधेरीच्या मासळी बाजारात जयाची जागा ठरलेली होती. आत शिरल्यावर उजव्या हाताला, नळाच्या शेजारी. आधी तिथे तिची सासू बसायची, ती गेल्यावर जया बसू लागली. वेसाव्याहून भल्या पहाटे टेम्पोतून मासळी आणि बर्फ आणायचा, फोडलेल्या बर्फावर पापलेटं, हलवा, कोळंबी मांडायची, आणि दुपार कलायच्या आत पाट्या रिकाम्या करून घर गाठायचं, यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. बर्फाने हात बधिर होतात म्हणून कुरकुरणाऱ्या नव्या पोरींना ती हसायची.

जानेवारीतल्या एका सकाळी शेजारच्या नंदाने तिच्या हातांकडे बघितलं आणि हातातला कोयता खाली ठेवला.

"जये, हात बघ गं तुझे! काय झायलं ते?"

जयाने बघितलं. दहाही बोटं करवंदासारखी जांभळी पडली होती. नखं निळसर, जणू कुणी शाईत बुडवून काढली होती. तिने बोटं चोळली, फुंकर मारली, काही फरक पडेना. मग चहावाल्याकडून गरम चहाचा ग्लास घेऊन तिने दोन्ही तळव्यांत धरला, तेव्हा हळूहळू रंग परत आला.

"थंडी हाय यंदा," ती म्हणाली.

"थंडी मनाही वाजते," नंदा म्हणाली. "माझे हात नाय झाले असले."

जयाने विषय बदलला. डिसेंबरात तिला खोकल्याने धरलं होतं. ताप आला होता, छातीत घरघर होती, गल्लीतल्या डॉक्टरांनी न्यूमोनियाची लक्षणं आहेत म्हणून गोळ्यांचा कोर्स दिला होता. त्याने खोकला गेला. अंगात अजून जोर आला नव्हता इतकंच. हातांचंही त्यातलंच काहीतरी असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

त्या दुपारी घरी आल्यावर ती मोरीत गेली आणि खाली बघून जागच्या जागी थिजली.

लघवी काळी झाली होती. कोऱ्या चहापेक्षाही गडद, कोकमाच्या आगळासारखी काळपट लाल. तिने घाईघाईने तांब्याने पाणी ओतलं. मग पुन्हा ओतलं. फरशी स्वच्छ झाली तरी ती ओततच राहिली. बाहेर मुलगी, समीक्षा, फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होती.

तिच्या डोळ्यांपुढे तिची थोरली बहीण सुगंधा आली. सुगंधालाही लघवीतून रक्त जायचं. तिने ते कितीतरी महिने कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी परळच्या मोठ्या इस्पितळात नेली तेव्हा कॅन्सर पार पसरला होता. दुसरी कुणी असती तर त्यावरून शहाणी होऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठती. पण जयाने ते सगळं जवळून पाहिलं होतं, आणि तिच्या मनात उलटंच बसलं होतं. ज्या दिवशी तपासणी झाली, त्या दिवसापासून सुगंधा मरायला लागली. तपासलं नाही तोवर ती हिंडत-फिरत होती, भांडत होती, सणाला पोळ्या लाटत होती.

धर्मा, तिचा नवरा, बोटीवर होता. खोल समुद्रात गेलेली बोट परतायला अजून वेळ होता. तो आला की बघू, असं जयाने ठरवलं. त्याला सांगायचं की नाही, हे मात्र ठरवलं नाही.

सोमवारी गिऱ्हाईक नसतं म्हणून ती घरीच राहिली. लघवीचा रंग निवळला. मंगळवारी सकाळी तर पार पहिल्यासारखा झाला. जयाने देव्हाऱ्यासमोर हात जोडले, एकवीरा आईला नवस बोलली आणि हलक्या मनाने बाजारात गेली. दुपारपर्यंत बर्फात हात घालून तिने मासळी विकली. घरी येऊन मोरीत गेली तेव्हा लघवी आधीच्यापेक्षाही काळी होती.

त्यानंतर तिची भीती कुठेच जाईना. भाकरी थापताना, गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना, झोपेतसुद्धा ती सोबत असायची. जया पाणी कमी पिऊ लागली, म्हणजे मोरीत कमी जावं लागेल. आरशात बघायचं तिने टाळलं. पाटी उचलली की छाती भरून यायची, टेम्पोच्या पायरीवर चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. समीक्षाने एकदा विचारलंच, "आई, तुझे डोळे पिवळे का दिसतायत गं?"

"बल्बचा उजेड हाय तो," जया म्हणाली आणि तोंड फिरवलं.

शुक्रवारी बाजार ऐन भरात असताना ती पडली. पडली म्हणजे, बर्फाची लादी सरकवायला उठली आणि पाय गेल्यासारखी खाली बसली. श्वास आत जात होता, पण गेलेला श्वास कुठे पोचतच नव्हता. नंदाने तिला भिंतीला टेकवलं, पदराने वारा घातला, आणि जयाच्याच फोनवरून समीक्षाला बोलावलं.

समीक्षा ओशिवऱ्याला एका विमा कंपनीत कामाला होती. ती ऑफिसातून तशीच रिक्षाने आली. आईचा चेहरा बघून तिने काही विचारलं नाही, तिला उचलून रिक्षात घातलं आणि आधी जवळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नेलं. तिथल्या टेक्निशियनने, सुयोग नाव त्याचं, दंडाला रबर बांधून रक्त घेतलं. दोघी बाकावर बसल्या. थोड्या वेळाने सुयोग बाहेर आला.

"ताई, ट्यूबमध्ये रक्त गोठलंय. परत घ्यावं लागेल."

त्याने परत घेतलं, या वेळी नीट हलवून. पुन्हा आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कोड्यात पडल्यासारखा भाव होता.

"पुन्हा गुठळ्या दिसतायत. आणि मशीन भलतेच आकडे दाखवतंय. असे आकडे माणसाचे नसतात. तुम्ही यांना हॉस्पिटलमध्येच न्या."

तो समीक्षाशी बोलत होता, पण ऐकत जया होती. माणसाचे नसतात! तिने आपल्या हाताकडे पाहिलं. लॅबमधल्या थंडाव्याने बोटं पुन्हा जांभळी होत होती. उभ्या जन्मात हजारो मासळ्या तिने बर्फावर ताठ होताना पाहिल्या होत्या. आपल्यालाही आतून तेच होतंय, आपण जिवंतपणी गोठतोय, असं तिला वाटलं आणि तिच्या तोंडून हुंदका फुटला.

"आई, काय होतंय? दुखतंय का?"

"नाय गं बाय." मग तिच्याने राहवेना. "समू, मना काळी लघवी होते. लय दिवस झाले."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? सुगंधा मावशीचं बघूनसुद्धा?"

"तिचं बघूनच," जया म्हणाली.

पालिकेच्या मोठ्या इस्पितळात तिला दाखल करून घेतलं ते एका एसी वॉर्डात. खाटेवर आडवी होताच जयाला हुडहुडी भरली. सिस्टरने बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. त्यावर आकडाच येईना. दुसऱ्या बोटाला लावला, तिसऱ्याला लावला. मग कानाच्या पाळीला लावायला गेली आणि थबकली. कानाच्या पाळ्याही जांभळ्या झाल्या होत्या. दंडात सुई खुपसून सलाईन सुरू झालं. गार पाणी शिरेतून वर चढताना जयाला स्पष्ट कळत होतं, आणि तिला वाटत होतं की हेच आता छातीपर्यंत पोचणार आणि तिथे थांबणार.

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन साडेपाच. रक्त चढवावं लागणार होतं. जयाचा गट ओ पॉझिटिव्ह होता, रक्तपेढीत या गटाच्या पिशव्यांना तोटा नव्हता. तरी रक्तपेढीतून निरोप आला की एकही पिशवी जुळत नाही. एक जुळवली, दुसरी जुळवली, प्रत्येक वेळी दोन्ही रक्तांच्या गुठळ्या होतात. समीक्षा कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून रडली. तिला वाटलं, आईला दिसत नाही. पण दार काचेचं होतं.

धर्माचा फोन लागत नव्हता. समुद्रात रेंज नव्हती.

जया डोळे मिटून पडून राहिली. मरणाची भीती वाटते असं आजवर ती कधी म्हणाली नव्हती. कोळ्यांच्या घरात बायका दर हंगामात नवऱ्यांना समुद्रावर धाडतात, त्यांना असलं बोलायची सवय नसते. पण आता तिला इतकी भीती वाटत होती की तिचे दात वाजत होते, आणि ते थंडीने की भीतीने, हे तिचं तिलाही कळत नव्हतं.

उन्हं कलायला लागली तेव्हा एक ठेंगणीशी, चष्मेवाली डॉक्टर वॉर्डात आली. तिच्या उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती. "मी डॉक्टर मृणालिनी. रक्ताच्या आजारांचं बघते," ती म्हणाली आणि खाटेच्या कडेवर बसली. तिने आधी जयाची बोटं पाहिली, मग कान, मग नाकाचा शेंडा.

"मावशी, काम काय करता?"

"मासळी विकते. अंधेरीच्या बाजारात."

"बर्फात?"

"बर्फाशिवाय कशी विकणार?"

"आणि हल्ली कधी मोठा खोकला झाला होता?"

"गेल्या महिन्यात. न्यूमोनिया म्हणाले होते."

डॉक्टरने मान हलवली आणि मूठ उघडली. मुठीत रक्ताची छोटी काचेची नळी होती. "तुमचंच रक्त आहे. मघाशी बघितलं तेव्हा यात रव्यासारखे गठ्ठे दिसत होते. ही नळी मी हातात धरून खालच्या मजल्यापासून चालत आले. आता बघा."

तिने नळी तिरकी केली. आतलं रक्त काचेवरून सरळ, एकसारखं ओघळलं. एकही गुठळी नव्हती.

"आता हे." ती उठली, नळी एसीच्या झोतासमोर धरून उभी राहिली, आणि काही वेळाने परत आली. काचेवर बारीक बारीक कण चिकटले होते.

समीक्षा दारातून आत आली होती. तिने तोंडावर हात ठेवला.

"हे गोठणं नाही," डॉक्टर म्हणाली. "गोठलेलं रक्त पुन्हा पातळ होत नाही. या तांबड्या पेशी आहेत, थंडी लागली की एकमेकींना चिकटतात, ऊब मिळाली की सुटतात. तुम्हाला जो खोकला झाला ना, त्याच्या जंतूशी लढायला तुमच्या अंगाने एक हत्यार तयार केलं. ते हत्यार चुकून तुमच्याच पेशींवर चालतंय. पण फक्त थंडीत. पोटात, छातीत रक्त गरम असतं, तिथे त्याचं काही चालत नाही. बोटांत, कानांत रक्त गार होतं, तिथे ते पेशींना धरतं. मग त्या आत परत जातात, सुट्या होतात, पण जखमी झालेल्या असतात. फुटतात."

"फुटल्या की काय होतं?" जयाने विचारलं.

"एकेका पेशीत हिमोग्लोबिन ठासून भरलेलं असतं. त्यात लोह असतं, रक्ताचा लाल रंग त्याचाच. तुम्ही श्वास घेतला की छातीत हे हिमोग्लोबिन प्राणवायू पकडतं, पेशी तो घेऊन अंगभर फिरतात, जिथे लागेल तिथे सोडतात आणि परत छातीत येतात. पेशी कमी झाल्या की तुम्ही कितीही श्वास घ्या, तो पोचवायला कुणी नाही. म्हणून धाप लागते. आणि फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन सांडतं. त्यातलं काही डोळ्यांत पिवळं दिसतं, आणि काही..."

"काळी लघवी," जया म्हणाली.

"हो. तेच."

जयाने समीक्षाकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे. इतके दिवस मनातही उच्चारायला घाबरत होती तो शब्द ती बोलली. "म्हणजे कॅन्सर नाय?"

"मला तसं वाटत नाही. क्वचित अशा आजारामागे दुसरं काही असतं, म्हणून सगळ्या तपासण्या करणार आहे. पण खोकल्यानंतर लगेच हे झालंय, तेव्हा बहुतेक त्याचंच. आणि खोकल्यामुळे आलेलं हे काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. पण ते ओसरेपर्यंत तुम्हाला जपलं पाहिजे. आज तुमची तब्येत नाजूक आहे, हे लपवत नाही."

तिने उठून स्वतः एसी बंद केला. लगेच शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा मुलगा उठला. "ओ मॅडम, एसी कशाला बंद? माझ्या बाबांना गुदमरतं इथे."

"माझ्या आईचं रक्त फुटतंय या थंडीने!" समीक्षा ओरडली. भांडण वाढायच्या आत डॉक्टरने जयाची खाट बाजूच्या बिनएसीच्या खोलीत हलवायला लावली. तिथे खिडकीतून ऊन येत होतं. वॉर्डबॉयने कुठून तरी घोंगड्या आणल्या, समीक्षाने आईच्या पायांत मोजे चढवले, हातांतही मोजेच घातले, डोक्याला शाल गुंडाळली. सलाईनची बाटलीही गरम पाण्यातून काढून लावली गेली.

रक्तपेढीने या वेळी सगळं उबेत ठेवून पुन्हा जुळवून पाहिलं. पिशवी जुळली.

पिशवी आली तेव्हा मात्र जयाची भीती नव्याने जागी झाली. तिने डॉक्टरचा हात धरला. "माझं रक्त फुटतंय, मग हे दुसऱ्याचं नाय फुटणार?"

"फुटू शकतं," डॉक्टर म्हणाली. "खोटं नाही सांगत. म्हणून ते या यंत्रातून अंगाइतकं गरम करून देणार, अगदी सावकाश. सुरुवातीला मी इथेच बसते. पाठीत दुखलं, थंडी वाजली, जीव घाबरा झाला, तर लगेच बोलायचं."

"जीव तर घाबराच हाय," जया म्हणाली. डॉक्टरला हसू आलं, पण तिने ते आवरलं.

नळीतून लाल रेघ हळूहळू खाली सरकत आली आणि दंडात शिरली. जया छताकडे बघत राहिली. पाठीत दुखतंय का? किंचित. की नुसतंच आखडलंय? थंडी वाजतेय का? तिने समीक्षाची बोटं इतकी घट्ट धरली की पोरीने ओठ चावला. डॉक्टर नाडी धरून बसली होती, घड्याळाकडे आणि जयाच्या चेहऱ्याकडे आळीपाळीने बघत. एक सिस्टर आली, ताप मोजून गेली. काही झालं नाही. आणखी काही वेळाने सिस्टर पुन्हा आली. तरी काही झालं नाही. डॉक्टर उठली आणि रक्ताचा वेग थोडा वाढवून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धर्मा आला. बोट बंदराला लागली, मासळी उतरवायला सुरुवात झाली आणि तेव्हा कुठे त्याच्या फोनवर समीक्षाचे मेसेज एकामागून एक पडले होते. तो होता तसा निघाला होता. शर्टाला डिझेलचा वास, पायांत गमबूट. खोलीत शिरला आणि दोन्ही हात पुढे करून जयाकडे धावला.

"बाबा, हात नको लावू!" समीक्षा ओरडली.

तो जागीच थांबला. त्याचा काळासावळा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे? काय झायलंय तिला? लागण होते काय?"

"तसं नाही. तू बोटीच्या बर्फाच्या खणातून आलायस ना? हात गार असतील तुझे."

धर्माला काही उलगडलं नाही, पण त्याने दोन्ही हात काखेत दाबून धरले आणि भिंतीपाशी तसाच उभा राहिला. समीक्षा त्याला सगळं समजावून सांगत होती, तो मान डोलावत होता, पण बघत जयाकडेच होता. बऱ्याच वेळाने त्याने एक हात काखेतून काढला, आपल्या गालाला लावून पाहिला, आणि मग जयाच्या कपाळावर ठेवला. जया तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने रडली.

पुढचे काही दिवस सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. जया संडासातून परतली की दारात उभी असलेली समीक्षा नुसत्या डोळ्यांनी विचारायची. काळी. मग काळपट. मग चहासारखी. एकदा पुन्हा गडद झाली तेव्हा दोघींनी रात्र जागून काढली, पण सकाळी डॉक्टर म्हणाली, खिडकी उघडी राहिली होती, वारा लागला असेल. तपासण्यांत दुसरं काही वाईट निघालं नाही. आणखी एक पिशवी रक्त लागलं. मग अंग स्वतःच नव्या पेशी बनवू लागलं, त्यासाठी गोळ्या होत्या. घरी सोडलं तेव्हा हिमोग्लोबिन नऊवर होतं आणि नळीतले गठ्ठे जेमतेम दिसत होते.

"बाजारात कधी बसू?" जयाने निघताना विचारलं.

"बर्फात हात घालायला मी सांगेपर्यंत बंदी. गार पाण्याने आंघोळ नाही, फ्रिजमधलं पाणी नाही. आणि पुन्हा खोकला झाला तर घरगुती काढे पीत बसायचं नाही, सरळ यायचं."

नळाजवळच्या जागेवर नंदाची भाची बसू लागली. जया फेब्रुवारीत मढला तिच्या नणंदेकडे गेली. तिथे वाळूवर बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातलेले असतात, जवळा आणि कोळंबी ऊन खात पसरलेली असते. दिवसभर उन्हात बसून ती सुकी मासळी निवडायची. वास तोच, काम वेगळं. मार्चमध्ये डॉक्टर मृणालिनीने तिचं रक्त पुन्हा गार करून बघितलं. नळीत काही दिसलं नाही. "गेलं," ती म्हणाली.

जयाने एकदा नाही, तीनदा विचारून घेतलं. तरीही घरी आल्यावर ती मोरीचा दिवा लावल्याशिवाय आत जात नाही. शेजारी कुणी खोकलं की पदर नाकाला लावते, आणि धर्मा बोटीवरून आला की आधी त्याला चुलीपाशी बसवते. "बास झायलं आता, जये," तो म्हणतो. ती म्हणते, "झायलं असेल. तू बस अजून थोडा."